स्वतःचा कागद स्वतः वाचण्यासाठी

२०२५ च्या दहावीच्या परीक्षेत महाराष्ट्रातले ९४.१० टक्के नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले. अकरावीचे प्रवेशही त्याच वर्षी प्रथमच सबंध राज्यात ऑनलाइन झाले. म्हणजे पेढे वाटून होतात न होतात तोच या मुलांच्या पुढ्यात शाळेबाहेरचा पहिला मोठा मजकूर येऊन पडला. अर्जाचा भाग एक, भाग दोन, कोट्यांचे प्रकार, दहापर्यंत पसंतीक्रम, आणि पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद, असा नियम. यातला शब्द न शब्द वाचू शकणारी ही मुले. तरी तालुक्याच्या गावी नेट कॅफेपुढे रांगा होत्याच. मुलगा प्लास्टिकचे फोल्डर छातीशी धरून उभा, वडील त्याच्या मागे, आणि कीबोर्डवर बसलेला पोरगा विचारतो, "दहाच्या दहा टाकू का पाचच?" मराठीत ऐंशीच्या वर गुण मिळवलेला मुलगा म्हणतो, "तुम्हीच बघा ना दादा."

हे पुस्तक त्या "तुम्हीच बघा ना"विषयी आहे. कॅफेतल्या पोराला मी दोष देत नाही. वीस-तीस रुपयांत तो जेवढे वाचून देतो तेवढे पुष्कळ वेळा महाविद्यालयाची खिडकीही देत नाही. प्रश्न पडतो तो दहा वर्षे शाळेत काढलेल्या मुलाचा. समोरचा कागद आपल्यासाठी लिहिलेला आहे आणि तो आपण उलगडू शकतो, हा भरवसाच त्याला का वाटू नये?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. जोतीराव फुल्यांच्या १८५५ सालच्या 'तृतीय रत्न' नाटकात एका शेतकरी जोडप्याला जोशीबुवा ग्रहदशेची भीती घालून लुबाडतो, आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. पुढे १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. या यादीतल्या मोडीपाशी मी नेहमी थांबतो. नुसत्या बाळबोधीवर छापील पोथी वाचता आली असती. पण कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही आणि शेतकऱ्याची निशाणी ज्याच्या तळाशी उमटे तो कर्जरोखा, हे सगळे मोडीत होते. ज्या लिपीत माणसाचा जमीनजुमला अडकलेला आहे ती त्याला आली पाहिजे, असा या यादीचा साधा अर्थ मला दिसतो.

आजची मोडी देवनागरीतच लिहिली जाते, किंवा इंग्रजीत. शैक्षणिक कर्जाचे करारपत्र, 'महाडीबीटी'वरच्या शिष्यवृत्तीच्या अटी, वसतिगृहाच्या निर्वाह भत्त्याची कागदपत्रे, शिकाऊ उमेदवारीचा करार, शस्त्रक्रियेआधीचे संमतिपत्र. कर्जाच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांवर बंधन घातले आहे, की किरकोळ कर्ज घेणाऱ्याला मुख्य अटींचे एक पत्रक द्यायचे, त्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर सांगायचा, आणि ते त्याला समजेल अशा भाषेत द्यायचे. चांगला नियम आहे. पण 'समजेल अशा भाषेत' एवढ्याने समजत नाही. व्याजाचा दर आणि एकूण वार्षिक दर असे दोन वेगळे आकडे एकाच पानावर का आहेत, हे विचारणारा वाचक लागतो, आणि तो तयार करण्याचे काम आपण कुणावरच सोपवलेले नाही.

आपल्याकडे साक्षरतेची सगळी चर्चा लहान मुलांभोवती फिरते. २०२१ च्या 'निपुण भारत' कार्यक्रमाचे लक्ष्य तिसरीपर्यंत वाचन पक्के करण्याचे आहे. ते योग्यच आहे. पाया कच्चा ठेवून वर मजले चढवता येत नाहीत. मात्र यातून नकळत असा समज पसरतो, की वाचायला शिकणे ही एकदाची उरकून टाकायची बाब आहे. देवी काढल्या, वाचायला आले, झाले. चौथीनंतर मूल वाचते हे गृहीत, आठवीनंतर ते समजून वाचते हे गृहीत, अकरावीत तर विचारायची सोय नाही. २०२३ च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या, देशभरातल्या २८ जिल्ह्यांतल्या ३४,७४५ मुलामुलींना काही साधी कामे दिली होती. सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. ज्यांना वाचता येत होते त्यांना क्षारसंजीवनीच्या पाकिटावरच्या सूचना दाखवून प्रश्न विचारले, तर तिथेही बरीच अडखळली. या मुलांपैकी ८६.८ टक्के कुठे ना कुठे शिकत होती, हे लक्षात घेतले की शाळेबाहेरच्यांवर बोट दाखवायची वाट बंद होते.

मिळालेली अक्षरे टिकत नाहीत, हेही आपण पूर्वी पाहिलेले आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर केली. देशभर तिचे कौतुक झाले. काही वर्षांत त्यातले पुष्कळ लोक पुन्हा अंगठ्यावर आले, कारण शिकलेले वापरण्यासारखे त्यांच्या हाती काही पडलेच नाही. गाईडमधली उत्तरे पाठ करून बारावी झालेल्या मुलाची गत मला फारशी वेगळी वाटत नाही. अक्षरओळख शाबूत असते, वाचकपण गळून गेलेले असते.

या पुस्तकाचे लेखक कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांतला मराठीचा शिक्षक एकच. बाकीचे भौतिकशास्त्र, वाणिज्य आणि इतिहास शिकवतात. हस्तलिखित हाती आले तेव्हा या मांडणीनेच माझे लक्ष वेधले. मुलांना वाचता येत नाही असे म्हटले की शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा मराठीच्या बाईंकडे वळतात. बाईंनी कविता शिकवायची, व्याकरण शिकवायचे, आणि भौतिकशास्त्राचे गणित मुलांना का कळत नाही याचेही उत्तर द्यायचे. लेखकांचे म्हणणे असे, की प्रत्येक विषयाचे वाचन वेगळे असते आणि ते त्या विषयाच्या शिक्षकालाच शिकवावे लागते. मला हे शंभर टक्के पटते.

भौतिकशास्त्राचेच घ्या. 'एक गाडी विरामावस्थेतून निघते व ५ सेकंदांत तिचा वेग प्रतिसेकंद २० मीटर होतो. तिचे त्वरण काढा.' मूल काय करते? आकडे शोधते. पाच सापडतात, वीस सापडतात, तिसरा सापडत नाही, मग सर म्हणतात तसे ते 'सूत्र आठवा' करू लागते. तिसरा आकडा वाक्यातच आहे, फक्त तो शब्दाच्या वेषात आहे. विरामावस्था म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. 'गुळगुळीत पृष्ठभाग' म्हणजे घर्षण सोडून द्या. 'हलकी दोरी' म्हणजे दोरीचे वस्तुमान धरू नका. भौतिकशास्त्राच्या मजकुरात विशेषणे शोभेला येत नाहीत, प्रत्येकाच्या पोटात एक समीकरण असते. हे मराठीच्या बाईंनी कसे शिकवावे? आणि भौतिकशास्त्राच्या सरांनी ते मोठ्याने, स्वतःचे वाचन उघडे करून का शिकवू नये? 'मी हे वाक्य वाचले, इथे थांबलो, हा शब्द मला अमुक सांगतो' असे फळ्यापाशी उभे राहून बोलणारे शिक्षक फार थोडे. बहुतेकांचे वाचन डोक्यात होते आणि मुलांना दिसते ते थेट उत्तर.

इतिहासाचे वाचन याच्या उलट चालते. तिथे वाक्याआधी वाक्य लिहिणारा पाहायचा. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली; महाराजांच्या हयातीतले एखादे पत्र त्याच प्रसंगाविषयी बोलत असेल, तर दोन्ही कागद एकाच मापाने वाचून चालणार नाही. कोणी लिहिले, कधी, कुणाला वाचायला, हे तीन प्रश्न अकरावीच्या मुलाला सवयीचे झाले, तर मोबाइलवर आलेला 'इतिहास'ही तो त्याच नजरेने वाचील, असे लेखक सुचवतात. येथे मी थोडा साशंक आहे. वर्गातली शिस्त मोबाइलवर आपोआप उतरत नाही, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचीही उतरत नाही. पण प्रश्न माहीतच नसण्यापेक्षा माहीत असून विसरलेले बरे.

वाणिज्याच्या प्रकरणातले एक उदाहरण मला इतके आवडले, की ते मी घरी दोन-तीन जणांवर वापरून पाहिले. एखादा दर ६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेला, तर तो एक टक्क्याने वाढला की जवळजवळ सतरा टक्क्यांनी? दोन्ही मथळे छापता येतात आणि वाचणाऱ्याच्या मनात दोन वेगळी चित्रे उभी राहतात. याच प्रकरणात शासन निर्णय कसा वाचावा याची चार पाने आहेत. आपला जीआर सुरू होतो तोच 'वाचा' या शब्दाने, आणि त्याखाली जुन्या निर्णयांची अशी रांग लागते, की प्रामाणिक मूल तिथेच दमून जाते. जाणता कारकून काय करतो? तो रांग ओलांडतो, प्रस्तावनाही ओलांडतो, 'शासन निर्णय' या मथळ्यापाशी येऊन थांबतो, मग परिशिष्ट आणि प्रपत्र पाहतो, आणि अडले तरच वर जातो. कुठून वाचायचे आणि काय सोडायचे हे कळणे म्हणजेही वाचता येणे. शाळेने मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका गतीने वाचणे तेवढे शिकवलेले असते.

लेखनाकडे वळायचे तर मला प्रयोगवहीविषयी बोलले पाहिजे, कारण ती आपल्या शिक्षणातली एक मोठी वाया गेलेली संधी आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. लेखनाची याहून चांगली तालीम कोणती? जे केले ते क्रमाने सांगायचे, जे दिसले ते जसेच्या तसे नोंदवायचे, आणि दिसले त्यापलीकडे एक शब्दही जास्तीचा न लिहिता अनुमान काढायचे. नर्सला रुग्णाची नोंद करताना, आयटीआय झालेल्या मुलाला मशीन का बंद पडले हे पुढच्या पाळीला लिहून ठेवताना, तलाठ्याला पंचनामा करताना हेच लागते. आणि आपण या वहीचे काय केले? मागच्या वर्षीच्या मुलाची जर्नल आणायची, रात्रीतून उतरवायची, सुबक आकृत्या काढायच्या, सही घ्यायची. निष्कर्ष प्रयोगाच्या आदल्या दिवशी लिहून तयार. लंबकाचा आवर्तकाल एखाद्याच्या हातून चुकीचा आला, तर तो का चुकला हे लिहिण्याऐवजी शेजाऱ्याचा आकडा घालायचा. विज्ञान आणि लेखन, दोघांचाही घात एकाच वहीत. याबद्दल मुलांना रागावण्यात अर्थ नाही, कारण तपासणारा वळणदार अक्षर पाहतो आणि ते त्यांनी ओळखलेले असते.

भाषेच्या पाठ्यपुस्तकांनी या दिशेने पावले टाकली आहेत हे कबूल केले पाहिजे. दहावीला आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते. पत्रलेखनाने ई-मेलचा मायना घेतला. 'युवकभारती'त अकरावीला मुद्रितशोधन, अनुवाद, सूत्रसंचालन आले, बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. कल्पना उत्तम. पण परीक्षेने त्यांचेही साचे केले. अहवाल म्हणजे वृक्षारोपणाचा अहवाल, प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतासह. मुलगा खरोखर पाहिलेल्या ग्रामसभेचा अहवाल लिहू लागला, तर त्यात पाहुणेच सापडत नाहीत म्हणून तो गोंधळतो.

सेमी-इंग्रजीचा पेच लेखकांनी सावधपणे हाताळला आहे. मी जरा मोकळेपणी बोलतो. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे मराठीतून, ही व्यवस्था पालकांनी आपखुशीने निवडली आणि तिच्यामागची धास्ती खरी आहे, कारण अकरावी-बारावीच्या विज्ञानाची पुस्तके इंग्रजीतच आहेत. परंतु पुष्कळ वर्गांत होते असे, की पुस्तक इंग्रजी, शिकवणे मराठी, उत्तर पाठ केलेले इंग्रजी. पेशी कशी विभागते हे मूल मराठीत समजून घेते आणि ते समजलेले लिहायला त्याच्याजवळ कुठलीच भाषा नसते. इंग्रजी वाक्य रचता येत नाही, मराठी संज्ञा कधी कानांवर पडलेली नाही. याच्यावरचा उपाय म्हणून पुस्तकात एक साधा पाठ दिला आहे. इंग्रजी परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचे, कळले ते मराठीत चार वाक्यांत लिहायचे, मग पुस्तक उघडून ती चार वाक्ये इंग्रजीत न्यायची. जो घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलतो त्याच्यासाठी यात आणखी एक पायरी आहे, आणि ती तोंडी आहे. आधी आपल्या बोलीत सांग, मग लिही. ही पायरी वेळखाऊ म्हणून गाळू नये, अशी शिक्षकांना माझी वेगळी विनंती.

मोठेपणी लिहिण्याची वेळ आली की काय होते, याचे दर्शन पुण्याने २०२३ च्या आरंभी घेतले. लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ पर्यायांऐवजी वर्णनात्मक करायचे ठरवले आणि उमेदवार रस्त्यावर उतरले. शेवटी नवी पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. आंदोलकांची मागणी तयारीला वेळ मिळावा अशी होती, ती रास्तच होती. वर्षानुवर्षे एका पद्धतीने अभ्यास केलेल्या माणसाखालची जमीन अशी ओढू नये. मला खटकली ती त्यामागची वस्तुस्थिती. निबंधाला २५० गुण आणि सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांत सलग उत्तरे, हे पदवीधरांना नव्याने, क्लास लावून शिकावे लागणार होते. चार पर्यायांतला एक गोल काळा करणे ही निवड झाली. स्वतःचे म्हणणे पहिल्या वाक्यापासून उभे करणे हे निराळे काम आहे आणि ते पंचविशीत प्रथम करायला घेतले की फार जड जाते.

आता मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, सारांश काढून देतो, सांगाल तसा अर्जही लिहून देतो. मग एवढा खटाटोप कशाला, असे मला एका पालकांनी विचारले. सारांशात कोणती अट गळली हे पाहायला मूळ कागद वाचता यावाच लागतो, एवढेच मी म्हणालो. कॅफेतला दादा बदलून यंत्र बसले, "तुम्हीच बघा ना" तेच राहिले. लेखकांनी या विषयाला शेवटचे प्रकरण दिले आहे. पुस्तकातले ते सर्वांत कच्चे प्रकरण आहे आणि पुढच्या आवृत्तीत ते पुन्हा लिहावे, असे मी त्यांना कळवले आहे.

दुसरा मतभेद कथा-कादंबऱ्यांचा. हे पुस्तक कामाच्या मजकुरावर इतके रोखलेले आहे, की ललित वाचनाला त्यात पाहुण्याची जागा मिळाली आहे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी गोष्टीच्या पुस्तकांसोबत फोटो काढून वर्षभराची फिटवण करणाऱ्या शाळांवर लेखक वैतागले आहेत हे मी समजू शकतो. तरी लांब वाक्यात न दमता चालत राहण्याची ताकद मुलांना कादंबरीच देते. ज्याने तीनशे पाने हावरटासारखी वाचली आहेत, त्याला बारा पानांच्या करारपत्राची दहशत कमी वाटते, असे मी वर्गात पाहत आलो आहे.

हे सगळे करायला मुले वर्गात असायला हवीत, ही अडचण सगळ्यांत मोठी. विज्ञान शाखेची कितीतरी मुले नावापुरती महाविद्यालयात आणि दिवसभर क्लासमध्ये असतात. हजेरीची यंत्रे लावून ती परत येतील असे मला वाटत नाही. म्हणून या पुस्तकाची सुरुवात कुठून करावी असे कुणी शिक्षक विचारतील, तर मी प्रयोगवहीचे प्रकरण दाखवीन. प्रात्यक्षिकाला तर क्लासवाली मुलेही येतात, कारण बारावीला विज्ञानाच्या प्रत्येक विषयात त्याचे ३० गुण असतात. आणि अकरावीला बोर्डाची परीक्षा नाही. प्रश्नपत्रिका आपण काढायची, वही आपण तपासायची, गुण आपण द्यायचे. विश्रांतीचे वर्ष म्हणून बदनाम झालेले हे वर्ष शिक्षकाच्या हातात जितके मोकळे आहे तितके दुसरे कुठलेच नाही. उतरवलेल्या सुबक निष्कर्षापेक्षा 'माझा आकडा चुकला, कारण लंबक सोडताना मी दोरीला हिसका दिला' या वेड्यावाकड्या अक्षरातल्या वाक्याला जास्त गुण द्यायचे ठरवले, तर त्यासाठी मंत्रालयातून कुठलाही जीआर यावा लागत नाही. पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात अशा वह्यांची पाने आणि त्यांवर शिक्षकांनी काढलेले शेरे दिले आहेत. वाचकांनी आधी ते उघडावे आणि पहिल्या दोन प्रकरणांकडे सवडीने यावे.